पार्ट-टाइम शिकतेस म्हणून टॅक्स क्रेडिट नाही? आधी क्रेडिट्स मोज

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

ताई नमस्कार. मी मूळची नाशिकची, २०१९ पासून न्यू जर्सीत एडिसनला. तिकडे बी.कॉम. झालेलं, इथे नवऱ्याच्या एच-१बी व्हिसावर एच-४ (त्याच्या बायको-मुलांचा व्हिसा) म्हणून आले आणि चार वर्षं घरीच होते. २०२३ च्या फॉलला (ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणारी सेमिस्टर, जानेवारीतली ती स्प्रिंग) इथल्या कम्युनिटी कॉलेजमध्ये अकाउंटिंगच्या असोसिएट डिग्रीला ॲडमिशन घेतली. मुलं लहान आहेत म्हणून संध्याकाळचे क्लास, कधी एक विषय कधी दोन. २०२३ फॉलला दोन घेतले, २०२४ ला स्प्रिंगमध्ये एक, फॉलमध्ये एक, २०२५ ला स्प्रिंगला एक आणि फॉलला दोन. आत्ताच्या स्प्रिंगला एक चालू आहे, त्याची फी डिसेंबरमध्येच भरून टाकली होती. आधी आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना मिळणारा टॅक्सचा नंबर) होता, २०२४ मध्ये ईएडी (कामाचं परमिट) आलं आणि सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे सोशल, मिळाला. आता एका छोट्या ऑफिसात अकाउंट्सचं काम करते, त्यांनी फीसाठी ४०० डॉलर दिले. आमचा टॅक्स जे करून देतात ते म्हणाले पार्ट-टाइमवाल्यांना एज्युकेशन क्रेडिट नसतं. मैत्रीण म्हणते सगळ्यांना सरसकट अडीच हजार मिळतात. नवरा म्हणतो दोन विषयांच्या फीसाठी कुठे डोकं लावतेस. जॉइंट रिटर्न भरतो, दोघांचं मिळून एक लाख सेहेचाळीस हजारच्या आसपास. फीचे आकडे सोबत पाठवलेत. खरं काय ते सांगा, आणि मी लहान आहे तुमच्याहून, अगं-तुगं केलंत तरच बरं वाटेल.

उत्तर:

अगं, कॉलेज दर जानेवारीत भरलेल्या फीचा १०९८-टी नावाचा एक फॉर्म पाठवतं, कागदावर नाहीतर पोर्टलवर, तो तिन्ही वर्षांचा आधी शोधून काढ आणि समोर ठेव, मग पुढचं वाच. कारण तुझ्या पत्रातले तिघंही, टॅक्सवाले, मैत्रीण आणि नवरा, थोडेथोडे चुकलेत आणि त्यात तुझे खरेखुरे पैसे अडकलेत. तू पाठवलेल्या आकड्यांवरून मी हिशोब केला तर तीन वर्षांचे मिळून ३,८०० डॉलरच्या वर होतात. तो हिशोब पुढे करून दाखवते.

पहिली गोष्ट म्हणजे अमेरिकेचा टॅक्सचा कायदा तू पार्ट-टाइम आहेस की फुल-टाइम हे विचारतच नाही. तो विचारतो, निदान हाफ-टाइम तरी आहेस का? हे दोन शब्द लोक सर्रास एकच समजतात आणि सगळा गोंधळ तिथे होतो. बहुतेक कॉलेजांत अंडरग्रॅजुएटला बारा क्रेडिट्स म्हणजे फुल-टाइम धरतात, मग सहा क्रेडिट्स म्हणजे हाफ-टाइम. तीन-तीन क्रेडिट्सचे दोन विषय घेतले की झाली सहा. म्हणजे कॉलेजच्या लेखी तू पार्ट-टाइम आहेस आणि त्याच वेळी हाफ-टाइमही आहेस. (इथे क्रेडिट हा शब्द दोन अर्थांनी येतोय, विषयाची क्रेडिट्स वेगळी आणि टॅक्सचं क्रेडिट वेगळं, वाचताना घोळ करू नकोस.) आणि हाफ-टाइम वर्षभर असायला लागत नाही बरं का, त्या वर्षात सुरू झालेल्या एका सेमिस्टरला जरी असलीस तरी चालतं. हे एक वाक्य तुझ्या टॅक्सवाल्यांना माहीत असतं तर तुझ्यावर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

आता क्रेडिट दोन प्रकारची आहेत. एक अमेरिकन ऑपर्च्युनिटी, जे २००९ पासून आहे, त्यात फी आणि पुस्तकांचे पहिले २,००० डॉलर पूर्णच्या पूर्ण आणि पुढच्या २,००० चे पंचवीस टक्के मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त २,५००, तेही दर विद्यार्थ्यामागे. तुझी मैत्रीण म्हणते ते अडीच हजार हेच, पण ते सरसकट नाही, जेवढी फी भरली त्यावर आहे. दुसरं लाइफटाइम लर्निंग, १९९७ च्या कायद्यातलं, त्यात फीच्या वीस टक्के, जास्तीत जास्त १०,००० डॉलरच्या फीवर, म्हणजे २,०००, पण हे अख्ख्या रिटर्नमागे एकदाच, घरात तिघं शिकत असले तरी. त्याला हाफ-टाइमची अट नाही, डिग्रीची अट नाही, नोकरीतलं कसब वाढवायला एक विषय घेतला तरी चालतो, आणि किती वर्षं घ्यायचं यावर बंधन नाही. म्हणजे बघ, जिला एकच विषय झेपतो तिच्यासाठीसुद्धा कायद्यात जागा ठेवलेली आहे. 'पार्ट-टाइमवाल्यांना काही नसतं' हे वाक्य कुठल्याच बाजूने खरं नाही. एकाच वर्षी एकाच विद्यार्थ्यासाठी दोन्ही मात्र घेता येत नाहीत, निवडावं लागतं.

आणि क्रेडिट म्हणजे उत्पन्नातून वजावट नव्हे, थेट टॅक्समधून कापतात. १,५०० चं क्रेडिट म्हणजे १,५०० डॉलर टॅक्स कमी. अमेरिकन ऑपर्च्युनिटीत तर टॅक्स शून्य झाला तरी क्रेडिटचा चाळीस टक्के भाग, जास्तीत जास्त १,०००, हातात रिफंड म्हणून मिळू शकतो, लाइफटाइममध्ये ते नाही. तुमच्या घरात टॅक्स भरपूर आहे म्हणून तुला हा फरक जाणवणार नाही, पण कमी पगारात शिकणाऱ्या एखाद्या बाईला तो खूप मोठा असतो.

आता तुझी तीन वर्षं घेऊ, तिन्हीची उत्तरं वेगळी आहेत.

२०२३ ला फॉलमध्ये दोन विषय, सहा क्रेडिट्स. हाफ-टाइम झालीस. फी १,२३० आणि पुस्तकं २८०, एकूण १,५१०. अमेरिकन ऑपर्च्युनिटीत पुस्तकं कुठूनही घेतलेली चालतात, कॉलेजच्या दुकानातूनच हवी असं नाही, फक्त त्या विषयाला लागणारी असली पाहिजेत. २,००० च्या आत आहे म्हणून पूर्ण १,५१० मिळतात. लाइफटाइम घेतलं असतं तर नुसत्या फीचे वीस टक्के, २४६. केवढा फरक आहे बघ.

२०२४ ला मात्र दोन्ही सेमिस्टरला एक-एकच विषय. स्प्रिंगचे तीन आणि फॉलचे तीन मिळून सहा झाले ना, असं तुला वाटेल, पण तसं जोडत नाहीत, एका सेमिस्टरमध्ये सहा हवेत. त्यामुळे त्या वर्षी अमेरिकन ऑपर्च्युनिटी नाही, लाइफटाइम आहे. फी १,२४५, त्याचे वीस टक्के २४९. इथे पुस्तकं धरायची नाहीत, कॉलेजनेच ॲडमिशनची अट म्हणून आपल्याकडून घ्यायला लावली असतील तरच धरतात.

२०२५ चं रिटर्न तर अजून भरायचंय, ते नीट कर. स्प्रिंगला एक विषय होता आणि फॉलला दोन, फॉलमुळे तू हाफ-टाइम झालीस, आणि एकदा झालीस की स्प्रिंगच्या एका विषयाची फीसुद्धा त्याच वर्षाच्या हिशोबात येते. स्प्रिंगचे ६३०, फॉलचे १,२६०, आणि डिसेंबरात भरलेले ६४५. हे ६४५ आहेत २०२६ च्या सेमिस्टरचे, पण फी २०२५ मध्ये भरली आणि सेमिस्टर पुढच्या वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत सुरू झालं, म्हणून ते २०२५ लाच मोजायचे, नियमच तसा आहे. १०९८-टी वर सात नंबरच्या चौकोनात खूण असेल ती ह्याचीच. पुस्तकांचे ३१०. एकूण २,८४५.

त्यातून ऑफिसने दिलेले ४०० जाणार. टॅक्स न लागता मिळालेल्या पैशातून भरलेल्या फीवर पुन्हा क्रेडिट घेता येत नाही. पण इथे जरा थांब आणि डब्ल्यू-२ (ऑफिसकडून मिळणारा वर्षाच्या पगाराचा फॉर्म) उघडून बघ. ऑफिसकडे शिक्षणाच्या मदतीची लेखी योजना असेल तर वर्षाला ५,२५० पर्यंतची मदत पगारात न धरता देता येते, मग ४०० वजा करायचे. पण छोट्या ऑफिसांत बऱ्याचदा अशी योजना वगैरे काही नसते, मालकाने आपुलकीने पगारातच घालून दिलेले असतात आणि त्यावर तू टॅक्स भरलेला असतोस, तसं असेल तर वजा करायचे नाहीत. पे-स्टब बघ नाहीतर सरळ विचार. मी आत्ता वजा करून धरते. राहिले २,४४५. पहिले २,००० पूर्ण आणि वरच्या ४४५ चे पंचवीस टक्के, म्हणजे साधारण २,१११ डॉलर. लाइफटाइमने हेच ४२७ झाले असते.

१,५१० अधिक २४९ अधिक २,१११, झाले ३,८७०. नवऱ्याला हा आकडा वाचून दाखव, चिडून नाही गं, त्यालाही आनंदच होईल.

तुझ्या टॅक्सवाल्यांनी आणखी एक शंका काढली तर आश्चर्य वाटणार नाही, की हिची डिग्री आधीच झालीय मग अमेरिकन ऑपर्च्युनिटी कसं? ही शंका चुकीची नाही, नियमात आहेच की वर्षाच्या सुरुवातीला उच्च शिक्षणाची पहिली चार वर्षं पूर्ण झालेली नसावीत. पण ती चार वर्षं कशी मोजतात ते बघायला हवं. तू आत्ता जिथे डिग्री करतेस त्या कॉलेजने तुझ्या आधीच्या शिक्षणाला किती क्रेडिट्स दिली ह्यावर ते ठरतं. तू लिहिलंयस की बी.कॉम. चं इव्हॅल्युएशन दिल्यावर कॉलेजने २४ क्रेडिट्स मान्य केली. २४ म्हणजे जेमतेम वर्षभराची. चार वर्षं कुठे झाली? तेव्हा बी.कॉम. तुझ्या आड येत नाही. ट्रान्सक्रिप्टवर जिथे ट्रान्सफर क्रेडिट २४ असं लिहिलंय त्या पानाची कॉपी काढून फाइलला लाव, कोणी विचारलं तर हेच दाखवायचं. आपल्याकडच्या कितीतरी जणी तिकडची डिग्री घेऊन येतात आणि इथे पहिल्यापासून सुरुवात करतात, ते किती जिवावर येतं मला माहितीय, निदान त्याचा हा एवढा उपयोग तरी होऊ दे. तुझ्या ओळखीत जी मास्टर्स करत असेल तिला मात्र हे लागू नाही, तिची चार वर्षं झाली असं धरूनच युनिव्हर्सिटीने तिला घेतलेलं असतं, तिच्यासाठी लाइफटाइम.

डिग्रीला किंवा मान्यताप्राप्त सर्टिफिकेटला नाव घातलेलं असणं ही पण अट आहे. तू असोसिएट डिग्रीला आहेस म्हणून प्रश्न नाही. पण नुसतेच सुटे विषय घेणाऱ्या खूप असतात, फॉर्ममध्ये 'नॉन-डिग्री' वर टिक केलेली असते, मग बारा क्रेडिट्स घेतली तरी अमेरिकन ऑपर्च्युनिटी मिळत नाही. तुझा स्टेटस पोर्टलवर एकदा बघून घे.

आता नंबरचं, आणि हे एच-४ वरच्या सगळ्यांनी वाचा. २०२५ पर्यंतच्या रिटर्नसाठी आयटीआयएन चालतो, फक्त तो त्या वर्षाचं रिटर्न भरायच्या मुदतीआधी मिळालेला असला पाहिजे. तुझा २०२० पासूनचा आहे, तेव्हा २०२३ साठी काही अडचण नाही, आयटीआयएनचं पत्र सापडलं तर फाइलमध्ये ठेव. पण जुलै २०२५ मध्ये जो मोठा टॅक्स कायदा झाला त्याने २०२६ च्या टॅक्स वर्षापासून दोन्ही एज्युकेशन क्रेडिट्ससाठी सोशल सिक्युरिटी नंबर लागणार आहे, आयटीआयएनवर मिळणार नाही. तुझ्याकडे सोशल आहे म्हणून तू सुटलीस. ज्यांच्या नवऱ्यांचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने करायचा अर्ज) अजून झालेलं नाही, ईएडी नाही, सोशल नाही, आणि ज्या तुझ्यासारख्याच संध्याकाळी क्लासला जातात, त्यांचं हे क्रेडिट २०२६ पासून जातंय. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं. त्यांनी निदान २०२५ चं रिटर्न भरताना आणि मागची वर्षं दुरुस्त करताना एकही डॉलर सोडू नये. आणि तू, सोशल मिळाल्यावर आयटीआयएन वापरणं बंद केलंस ना? आयआरएसला (इथल्या टॅक्स खात्याला) पत्र लिहून दोन्ही नंबरांची रेकॉर्ड्स एकत्र करायला सांगायचं असतं, केलं नसशील तर आत्ता कर.

उत्पन्नाचं म्हणशील तर जॉइंट रिटर्नला १,६०,००० पर्यंत पूर्ण क्रेडिट, तिथून १,८०,००० पर्यंत कमी कमी होत जातं आणि मग संपतं, १,७०,००० ला बरोबर अर्धं. एकट्याला ८०,००० ते ९०,०००. नवरा-बायकोने वेगवेगळं रिटर्न भरलं तर काहीच नाही. तुम्ही १,४६,००० ला आहात, सुरक्षित आहात. पण एक विचारते, ह्यात नाशिकच्या एफडीचं व्याज धरलंय का? सासऱ्यांनी जॉइंट नावाने ठेवलेल्या, एनआरई खात्यातल्या (परदेशी राहणाऱ्यांच्या तिकडच्या बँक खात्यातल्या), तिकडे टॅक्स नाही म्हणून आपण ज्या विसरतो त्या? इथे रेसिडेंट म्हणून टॅक्स भरणाऱ्याला जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं, तिकडे टॅक्स नसला तरी. फ्लॅटचं भाडंसुद्धा. क्रेडिटची मर्यादा ह्या सगळ्यासकट मोजतात. पुढे नवऱ्याचं प्रमोशन होऊन १,६०,००० च्या वर जायला लागलात तर ४०१-के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) मध्ये टॅक्स कापायच्या आधीचे पैसे वाढवायचे, तेवढं मोजायचं उत्पन्न खाली येतं आणि ते पैसे म्हातारपणी आपलेच असतात.

मागची दोन वर्षं दुरुस्त कशी करायची? १०४०-एक्स नावाचा दुरुस्तीचा फॉर्म भरून. मूळ रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांच्या आत भरता येतो, २०२३ चं एप्रिल २०२४ मध्ये भरलंत म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत वेळ आहे, २०२४ साठी आणखी एक वर्ष. पण एप्रिलची वाट बघू नकोस. प्रत्येक वर्षाचा वेगळा १०४०-एक्स आणि सोबत त्या त्या वर्षाचा फॉर्म ८८६३, क्रेडिटचा हिशोब ह्याच फॉर्मवर असतो. ई-फाइल होतो. साधारण आठ ते बारा आठवडे लागतात, कधी सोळा. तुझ्या टॅक्सवाल्यांकडूनच करून घ्यायचं की दुसरीकडे जायचं ते तू ठरव. त्यांच्याकडे गेलीस तर १०९८-टी वरचा आठ नंबरचा चौकोन दाखव, निदान हाफ-टाइम होतीस का ह्याची खूण तिथे असते. २०२३ आणि २०२५ च्या फॉर्मवर ती असायला हवी. नसेल तर रजिस्ट्रारच्या ऑफिसला ईमेल करून विचार, कधीकधी चुकून राहते, ते दुरुस्त करून देतात.

चार वर्षांची मर्यादा इथे येते, आणि ह्या एका गोष्टीवर मी खरंच बराच वेळ विचार केला तुझ्यासाठी. अमेरिकन ऑपर्च्युनिटी एका माणसाला आयुष्यात चारच टॅक्स वर्षं घेता येतं. अर्धी फी भरली तरी एक वर्ष गेलं. तेव्हा साहजिक वाटतं की २०२३ च्या १,५१० साठी एक वर्ष कशाला घालवू, पुढे बॅचलर्सला गेले तर मोठ्या फीच्या वर्षाला ठेवते. पण नीट बघ. २०२३ ला अमेरिकन ऑपर्च्युनिटी घेतल्याने लाइफटाइमच्या तुलनेत जास्तीचे मिळतात १,५१० वजा २४६, म्हणजे १,२६४. समज २०२८ ला तू स्टेट युनिव्हर्सिटीत वर्षाला ८,००० फी भरतेस, तर अमेरिकन ऑपर्च्युनिटी २,५००, लाइफटाइम १,६००, फरक फक्त ९००. फी ४,००० च्या वर जितकी मोठी तितका दोन्हीतला फरक कमी होतो, १०,००० ला तर ५०० च उरतो. म्हणजे गंमत अशी की हे क्रेडिट कम्युनिटी कॉलेजच्या कमी फीलाच सगळ्यात जास्त कामाचं आहे. २०२३ घे, अजिबात राखून ठेवू नकोस.

तुझी २४ ट्रान्सफरची आणि इथली २१ मिळून २०२५ अखेर ४५ क्रेडिट्स झाली, डिग्रीला ६० लागतात. राहिली १५. आत्ताचा एक विषय, मग २०२६ फॉलला दोन आणि २०२७ स्प्रिंगला दोन, झाली डिग्री. म्हणजे २०२३, २०२५, २०२६, २०२७, बरोबर चार वर्षं. मधे २०२४ सारखं एक-एक विषयाचं वर्ष आलं तर ते लाइफटाइमवर जाईल, चारातलं वर्ष खर्च होणार नाही, म्हणून घाबरून झेपत नसताना दोन विषय घेऊ नकोस. पण एखाद्या वर्षी दोन विषय घ्यायचेच असतील तर ते एकाच सेमिस्टरला घेता आले तर बघ, त्याने २४९ च्या जागी हजाराच्या वर फरक पडतो. मुलांच्या सुट्ट्या, आईबाबा इकडे येणार असतील ते महिने, हे बघून ठरव.

फी कधी भरतेस तेही बघ. गेल्या डिसेंबरात तू स्प्रिंगची फी आधीच भरलीस ती २०२५ मध्ये २,००० च्या वर गेली, म्हणून तिच्या बऱ्याच भागावर पंचवीस टक्केच मिळाले. जानेवारीत भरली असतीस तर २०२६ मध्ये तीच जवळजवळ पूर्ण मिळाली असती. असू दे, ते झालं. येत्या डिसेंबरात मात्र २०२७ स्प्रिंगची फी कॉलेजच्या मुदतीत बसत असेल तर जानेवारीत भर. २०२६ ला फॉलची फी आणि पुस्तकं मिळून पंधराशेच्या आसपास होतील, ती पूर्ण मिळतील, आणि २०२७ च्या दोन विषयांची फी २०२७ ला पूर्ण. तीही डिसेंबरातच भरलीस तर एक वर्ष २,००० च्या वर जाईल आणि दुसरं रिकामं राहील.

पावत्या ठेव. फीच्या, पुस्तकांच्या, आणि प्रत्येक विषयाचा सिलॅबस, ज्यात लागणाऱ्या पुस्तकांची नावं असतात. आयआरएसने विचारलं तर १०९८-टी एकटा पुरत नाही, त्यावर पुस्तकं नसतातच. बस, पार्किंग, हेल्थ फी, इन्शुरन्स हे कशातच धरायचं नाही. आणि जिथे हक्क नाही तिथे मुद्दाम किंवा बेफिकिरीने क्रेडिट घेतलं असं त्यांना वाटलं तर दोन वर्षं अमेरिकन ऑपर्च्युनिटी बंद करतात, फसवणूक असेल तर दहा. म्हणून २०२४ ला जोडून-बिडून हाफ-टाइम दाखवण्याच्या फंदात कोणी घालू पाहिलं तर ऐकू नकोस.

ता.क. म्हणून तू शेजारणीचं विचारलंयस, तिची मुलगी १९ पूर्ण आहे, आठ क्रेडिट्स घेते, बाकी वेळ दुकानात काम करते, क्रेडिट आईने घ्यायचं की मुलीने? मुलगी हाफ-टाइम आहे, तेवढी अट झाली. पण आई क्रेडिट घेईल ती मुलगी तिची डिपेंडंट (टॅक्सच्या लेखी तिच्यावर अवलंबून) असेल तरच, आणि १९ च्या पुढे २४ पर्यंत मूल म्हणून डिपेंडंट धरायचं तर वर्षात पाच महिने तरी फुल-टाइम विद्यार्थी असावं लागतं. इथे खरोखरच फुल-टाइम हा शब्द कामाचा आहे. ती नाहीये. दुसरा रस्ता नातेवाईक म्हणून डिपेंडंट, पण त्याला तिची २०२५ ची कमाई ५,२०० च्या आत हवी आणि निम्म्याहून जास्त खर्च आईवडिलांचा हवा. दुकानात वर्षभर काम म्हणजे ५,२०० च्या वर गेलीच असणार. मग डिपेंडंट नाही आणि मुलीने स्वतःच्या रिटर्नवर क्रेडिट घ्यायचं, फी आईने भरलेली असली तरी ती मुलीने भरली असं धरतात. एवढं शेजारणीला सांग.

आणि भाचा एफ-१ (विद्यार्थ्यांचा व्हिसा) वर पुढच्या वर्षी येतोय म्हणालीस, त्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षं साधारणपणे नॉन-रेसिडेंट धरतात, त्यांना ही दोन्ही क्रेडिट्स नाहीत. सॉफ्टवेअरने विचारलं आणि त्याने चुकून हो म्हटलं असं होतं फार वेळा, त्याला आधीच सांगून ठेव.

मला आता तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात, २०२३ च्या १०९८-टी वर आठ नंबरला खूण आहे का, आणि ऑफिसचे ४०० डब्ल्यू-२ मध्ये धरलेत का. शनिवारी मुलं क्लासला गेली की बघ आणि लिही, २०२५ चं रिटर्न त्याच्याशिवाय पाठवू नकोस.